टर्निपच्या केसगळतीची संभाव्य कारणे

टर्निपच्या डाव्या डोळ्यावरचे केस गेले आहेत, हे मला आर्डेलने न सांगून सांगितलं.

आर्डेल ट्वेटन आमची डावीकडची शेजारीण. शाळेच्या खानावळीत जन्मभर मुलांना जेवू घालून निवृत्त झालेली. ती कुंपणापाशी आली, आजच्या हवेबद्दल बोलली, उद्याच्या हवेबद्दल बोलली, गेल्या वर्षी याच सुमारास बर्फ पडलं होतं की नव्हतं याबद्दल बोलली, आणि हे सगळं बोलताना एकदाही माझ्याकडे न बघता माझ्या पायाशी बसलेल्या कुत्र्याकडे बघत राहिली. शेवटी निघताना म्हणाली, "बरंय मग, लोवेल. कुत्रं जरा वेगळंच दिसतंय, नाही?"

आमच्या मिनेसोटात एखाद्या गोष्टीला कुणी 'वेगळं' म्हटलं की ती गोष्ट झाकून ठेवायची वेळ आली असं समजावं. माझ्या मेहुण्याने स्वयंपाकघराला जांभळा रंग दिला, तेव्हा पाहायला आलेलं सगळं खानदान 'वेगळाच आहे' एवढंच म्हणालं, आणि त्या बिचाऱ्याने मुकाट्याने पुन्हा पांढरा मारला. तेव्हा मी ताबडतोब खाली वाकलो. टर्निपच्या डोळ्याच्या वर कोटाच्या बटणाएवढा गुलाबी गोल होता. तिथे केस नावालाही नव्हता.

आता मी स्वतःबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या अब्रूचाही प्रश्न होता. मी विमा कंपनीत आहे. गारपीट झाली की लोकांच्या छपरांवर चढून, हे भोक गारेने पडलं की लाकूड आधीच कुजलं होतं, हे ठरवणं माझं काम. थोडक्यात, नुकसानाचं कारण शोधण्यावर माझं पोट चालतं. त्यामुळे एका कुत्र्याचे मूठभर केस कशाने गेले हे मला कळणार नाही, असं मला वाटलंच नाही. इथेच पहिली चूक झाली.

कुत्र्यात मी तसा गुंतलेलो नव्हतो, हेही सांगून ठेवतो. कुत्रं आणलं मार्लिसने, म्हणजे माझ्या बायकोने. मुलगी नोकरीसाठी ॲरिझोनाला गेली आणि मार्लिस घरात मोकळ्या खुर्च्यांशी बोलायला लागली. मग ती एक दिवस प्राण्यांच्या संस्थेत गेली आणि हे वर्षाच्या आतलं, लांब कानांचं, कुठल्याच जातीत न बसणारं पोर घेऊन आली. संस्थेत त्या हंगामातल्या सगळ्या पिल्लांना भाज्यांची नावं दिली होती. याच्या वाट्याला टर्निप, म्हणजे सलगम, आलं. पण संस्था कुत्रं एकदम देत नाही. आधी काही आठवडे ते तुमच्याकडे राहतं, मग संस्थेच्या बाई घरी येतात, घर बघतात, कुत्रं बघतात, तुम्हाला बघतात, आणि मग कुत्रं तुमचं होतं किंवा होत नाही. आमच्या या बाई लव्हॉन स्कोगस्टाड. त्या नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी येणार होत्या. आणि टर्निपसाठी गावाबाहेर शेत असलेलं आणखी एक कुटुंब रांगेत उभं आहे, हे त्यांनी मार्लिसला आधीच अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

मार्लिसने तो गुलाबी गोल पाहिला आणि ती खुर्चीत बसली. "त्या नेतील त्याला," एवढंच म्हणाली.

"कारण सापडलं की उपाय सापडतो," मी छपरावरच्या आवाजात म्हणालो.

साहजिकच डॉक्टरला फोन केला. गावात प्राण्यांच्या डॉक्टर एकच, राउटिओ बाई. संस्थेलाही त्याच चालतात, दुसऱ्या चालत नाहीत. पण नोव्हेंबर होता. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की आमचं अर्धं गाव नारिंगी जाकीट चढवून रानात जातं, आणि डॉक्टर राउटिओ त्या अर्ध्यात आघाडीवर असतात. वर्षभर जनावरांचे जीव वाचवायचे आणि नोव्हेंबरात हिशेब जुळवायचा, असं त्यांचं असावं. दवाखान्याला कुलूप होतं.

मग संस्थेला फोन लावला. तिथे यंत्र बोललं. कुत्रं हरवलं असेल तर एक दाबा, सापडलं असेल तर दोन, कुत्रं घ्यायचं असेल तर तीन, परत द्यायचं असेल तर चार. कुत्र्याचे केस हरवले असतील तर काय दाबायचं हे यंत्राने सांगितलं नाही. मी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून एक दाबलं. एक मुलगी बोलायला आली.

"केस पूर्ण गेलेत का?" तिने विचारलं.

"पूर्ण नाही. थोडे."

"मग ते तातडीत बसत नाही हो. पूर्ण गेले की लगेच फोन करा." मग तिने अगदी मनापासून विचारलं, "लव्हॉनना निरोप देऊ का?"

"छे छे, त्यांना कशाला त्रास," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ही दुसरी चूक.

दुसऱ्या दिवशी आर्डेल हरणाच्या सॉसेजचं पुडकं घेऊन दारात उभी. तिच्या मते सगळा दोष कोंबडीचा. बाजारातल्या कुत्र्याच्या खाण्यात कोंबडी असते आणि कोंबडी पुष्कळांना सोसत नाही. "माझ्या बहिणीच्या कुत्र्याचं शेपूट अगदी दोरीसारखं झालं होतं," ती म्हणाली. "हरणावर ठेवलं, आणि शेपूट असं भरून आलं की काय सांगू. घे रे."

"नको, आर्डेल, तुमच्या फ्रीझरमधलं कशाला."

"अरे घे."

"खरंच नको."

"घे म्हणते ना."

मी घेतलं. आमच्यात नकार द्यायची रीत ठरलेली आहे. कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिले दोन नकार कुणी मनावर घेत नाही, आणि तिसरा कधी कुणी दिलाच नाही. माझ्या वडिलांनी याच रीतीने एक जुना ट्रॅक्टर, एक पियानो आणि चर्चचं खजिनदारपद घेतलं. त्यातलं त्यांना काहीच नको होतं.

हरणाच्या सॉसेजमध्ये आर्डेलच्या नवऱ्याने मिरी, लसूण आणि धूर यांची काटकसर केलेली नव्हती. टर्निपने ते आवडीने खाल्लं. त्यानंतर दोन दिवस आम्ही नोव्हेंबरातल्या थंडीत खिडक्या उघड्या टाकून बसलो आणि टर्निप आपलं ढुंगण गालिच्यावर घासत घरभर फिरला. तिसऱ्या दिवशी ढुंगणावरचे केस विरळ झाले.

उघड्या खिडक्या बघून उजवीकडचा शेजारी ड्वेन आला. ड्वेन हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतो, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला त्या भोकातच सापडतं.

"कातडी कोरडी पडलीय रे," त्याने टर्निपला उलटं करून पाहत निदान केलं. "तेल हवं. माशाचं. मी स्वतः काढलंय, दुकानातल्या त्या गोळ्या नव्हेत. अर्धं पोटात, अर्धं अंगाला."

मी दोनदा नको म्हणालो. मग आम्ही दोघांनी मिळून टर्निपला तेल लावलं.

त्या तेलाच्या वासाचं वर्णन मी करणार नाही. मार्लिसने तो आठवडाभर माझ्या कोटातून काढला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओट्यावर गल्लीतली सगळी मांजरं ओळीने बसली होती. काही तर आमच्या गल्लीतलीही नव्हती. काचेपलीकडून ती टर्निपकडे एकटक बघत होती आणि टर्निप सोफ्याखाली शिरून पंजे चाटत होता. घाबरला की तो पंजे चाटतो. संध्याकाळपर्यंत पुढच्या पंजावरचेही केस गेले.

आता नुकसान तीन ठिकाणी पसरलं होतं. मी कंपनीच्या सवयीप्रमाणे कारणं मांडली. पिसवा? कंगव्याने विंचरलं, एकही नाही. खरूज? तर तो सारखा खाजवत सुटला असता. डोळ्याजवळ तर तो पंजाही नेत नव्हता. कोंबडी? कोंबडी तर केव्हाच बंद झाली होती. मनाचा त्रास? कुणाच्या, हा प्रश्न होता. मार्लिस रात्रंदिवस वाचत होती आणि तिने जे सर्वांत वाईट होतं ते शोधून काढलं. नायटा. कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून माणसाला होतो, आणि ज्याला होतो त्याचे केस गोल गोल चट्ट्यांनी जातात.

ही गोष्ट तिने रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, एका बाईला खाजगीत सांगितली. तिने कप खाली ठेवायच्या आत तळघराला कळलं. कुणी काही बोललं नाही. फक्त मला केक देणारे हात एकदम लांब झाले. नेहमी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवणारे एक गृहस्थ लांबूनच हसले आणि मागे हटत हटत कोटांच्या खोलीत गेले. मार्लिसने टर्निपचा फोटो दाखवला. लोकांनी फोटो पाहिला, मग माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला.

माझं टक्कल माझ्या तारुण्याइतकंच जुनं आहे. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते हजर आहे, आणि त्या तळघरातले निम्मे लोक त्या लग्नात जेवले होते. पण संशयाला जुने फोटो आठवत नाहीत. सोमवारी सकाळी आमच्या दाराच्या मुठीला कुणीतरी पिशवी अडकवून गेलं होतं. आत मलमाच्या दोन नळ्या होत्या. एकीवर कुत्र्याचं चित्र होतं आणि एकीवर माणसाचं.

"लोक किती चांगले आहेत," मार्लिस म्हणाली.

मी टोपी घालून कामाला गेलो आणि त्या दिवशी मी तीन छपरांचे दावे नाकारले.

आता लव्हॉनबाई यायला थोडेच दिवस उरले होते, आणि मार्लिसने शेवटचा उपाय काढला. तिने टर्निपला स्वेटर विणला. निळा, पांढऱ्या नक्षीचा, तिची आजी विणायची तसा, गळ्यापासून शेपटीपर्यंत. पंजांसाठी मोजे. डोळ्यासाठी तिने एक छोटी कानटोपीही विणायला घेतली होती, पण टर्निपने ती गिळायचा प्रयत्न केला. स्वेटर सुरेख होता. आत लोकर होती आणि लोकरीखाली ड्वेनचं तेल होतं. टर्निप दिवसभर भिंतीला, सोफ्याला, फ्रीजला अंग घासत राहिला. आम्ही स्वेटर काढला तेव्हा त्याच्या पाठीवर नक्षी उमटल्यासारखी टकलं पडली होती.

मार्लिस त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिने त्याचे कान हातात धरले आणि ती रडली. आवाज न करता, आमच्याकडे रडतात तशी. मी काय करावं हे न सुचून भांडी घासली. भांडी स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. डॉक्टर राउटिओंना हरीण मिळालं नव्हतं आणि त्यामुळे त्यांचा स्वभाव नेहमीइतकाच तुटक होता. त्यांनी टर्निपला टेबलावर घेतलं, वास घेतला आणि विचारलं, "हे कोणतं तळं?"

मग त्यांनी खोलीत अंधार करून नायटा शोधायचा एक जांभळा दिवा लावला आणि टर्निपला सगळीकडून पाहिलं. मग दिवा माझ्या डोक्याकडे वळवला.

"ते वडिलांकडून आलंय," मी म्हणालो.

"खात्री करून घेतलेली बरी," त्या म्हणाल्या. "मला चर्चमधून तीन फोन आलेत." त्यांनी टर्निपच्या डोळ्याजवळ पात्याने हलकेच खरवडलं, काचेवर घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिलं. "नायटा दिसत नाही. हा बारीक किडा आहे. पिल्लाला आईच्या अंगावरून येतो, बहुतेक सगळ्या कुत्र्यांच्या अंगावर असतो आणि कुणाला लागत नाही. कोवळ्या वयात, नवीन घरी आलं, अंगातली ताकद जरा कमी पडली, की एखादा चट्टा पडतो. बहुधा आपला आपण भरून येतो."

"मग करायचं काय?"

"काही नाही."

"आणि बाकीचं?" मी पाठ, पंजा आणि ढुंगण यांच्याकडे निर्देश केला.

डॉक्टरांनी हात धुतले. "डोळ्यावरचा तेवढा त्याचा स्वतःचा," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तुमच्या मायेचं आहे. ते थांबवा. वाढलं तर या."

छपरावर चढून मी हजार वेळा हेच लिहिलं असेल, की मूळ नुकसान किरकोळ आहे, बाकीचं दुरुस्तीने झालं आहे. ते मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

लव्हॉन स्कोगस्टाड गुरुवारी आल्या. त्या यायच्या आधी शेजारी आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; आमच्या घरावर काहीतरी बेतलं आहे असं त्यांना वाटलं, आणि कुणावर काही बेतलं की आमच्याकडे बटाटे आणि खिमा भाजून नेतात. आर्डेलने त्याच खिम्याबटाट्याच्या हॉटडिशचं भांडं आणलं, ड्वेनने लिंबाच्या वड्या. टेबल असं दिसत होतं की घरात कुणीतरी गेलंय. मधोमध टर्निप, बिनस्वेटरचा, शेपूट हलवत होता.

लव्हॉनबाई उंच, शांत, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी टर्निपला पाहिलं. मग हवेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "तसा काही फार वाईट नाही दिसत."

आमच्याकडे हे 'वेगळं'च्याही पुढचं; खोलीतल्या सगळ्यांना कळलं की संपलं.

मी डॉक्टरांचं निदान सांगितलं. त्या मान हलवत ऐकत होत्या. "डोळ्याचं समजलं," त्या हळूच म्हणाल्या. "पाठीचं?"

"पाठीचं तेल माझं," ड्वेन पुढे होऊन म्हणाला. "चूक माझी."

"नाही, नाही, सुरुवात माझ्या सॉसेजने झाली," आर्डेल म्हणाली. "ढुंगणाचं माझ्याकडे लावा."

"स्वेटर मी विणला," मार्लिस म्हणाली.

चांगुलपणाने तिघेही एकमेकांच्या पुढे होऊन दोष अंगावर घेत होते, आणि लव्हॉनबाईंच्या चेहऱ्यावर एक एक गुन्हा नोंदवला जात होता. कुणाला वाचवायला इतकी माणसं एकत्र येऊन इतका सत्यानाश करताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मला वाटतं," लव्हॉनबाई म्हणाल्या, "काही दिवस तो त्या शेतावरच्या घरी राहिला तर... तिथे जरा निवांतपणा आहे. मी घेऊन जाऊ का? चालेल ना?"

"नको," मी म्हणालो.

आर्डेलने पसंतीची मान हलवली. पहिला नकार व्यवस्थित झाला होता.

"तिथे मोकळी जागा आहे. मुलं आहेत."

"खरंच नको. राहू दे."

ड्वेननेही मान हलवली. आणि मार्लिस उठली. माझी मार्लिस, जिने या कुत्र्याशिवाय गेले काही आठवडे एक घास खाल्ला नव्हता, ती उठून टर्निपचं ब्लँकेट घडी घालायला लागली. तिने त्याचा वाडगा पुसला. मग तिने लव्हॉनबाईंना वाटेत खायला म्हणून लिंबाच्या वड्या कागदात बांधल्या. कागदाचे कोपरे तिने नीट दुमडले. मी ते कोपरे बघत राहिलो. मला आयुष्यात कुणाचा इतका राग आला नव्हता. आणि तो नेमका कुणाचा आला होता हे मला आजही सांगता येत नाही. त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता.

लव्हॉनबाईंनी पट्टा हातात घेतला. "मग नेऊ ना?"

"नाही," मी म्हणालो.

आर्डेलचा चमचा भांड्यावर पडला.

"नाही न्यायचं त्याला. हा आमचा कुत्रा आहे. त्याला जे झालंय ते आपोआप जाणार आहे, आणि जे आपोआप जाणार नव्हतं ते आम्ही केलंय आणि आम्ही बंद केलंय. सॉसेज नाही, तेल नाही, लोकर नाही. ड्वेन, तुझं तेल भयंकर आहे. आर्डेल, तुमचं सॉसेज माणसांनीही खाऊ नये. आणि माझा या कुत्र्यावर जीव आहे. तो मी तुम्हाला देणार नाही."

हे सगळं मी ओरडून बोललो असं नंतर मला समजलं. ड्वेन आपल्या बुटांकडे बघत होता. आमच्याकडे जिवंत माणसावर जीव आहे हेही लोक त्याच्या दफनाला सांगतात, आणि इथे मी पाहुण्यांसमोर एका टकल्या कुत्र्याबद्दल बोलून बसलो होतो. टर्निप आनंदाने भुंकला. त्याला वाटलं, खेळ सुरू झाला.

लव्हॉनबाईंनी टर्निपकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पट्टा टेबलावर, वड्यांच्या शेजारी ठेवला.

"बरं मग," त्या म्हणाल्या. "इतक्या घरांत जाते मी. नेऊ का विचारते, आणि लोक ब्लँकेटसकट आणून देतात. कुत्री गाडीतून मागे वळून त्या घराकडे बघत राहतात." त्या उठल्या आणि कोट घालता घालता म्हणाल्या, "कुणीतरी कधीतरी नाही म्हणेल, असं मला नेहमी वाटायचं. तुमच्या नावाचे कागद पाठवून देते."

त्या गेल्या. आर्डेल आणि ड्वेनही गेले, अगदी सभ्यपणे, आपापली भांडी तशीच ठेवून; म्हणजे ती परत नेऊन देताना मला त्यांची माफी मागता येईल. मी खुर्चीत बसलो. टर्निप माझ्या पायावर पडला आणि त्याच्या पोटाचा गरम भाग, जिथे अजून सगळे केस होते, माझ्या पावलाला लागला.

मार्लिस दारात उभी होती, हातात घडी घातलेलं ब्लँकेट.

"लोवेल," ती म्हणाली, "आपल्या लग्नात तू 'हो'सुद्धा इतक्या मोठ्यांदा म्हणाला नव्हतास."

"तेव्हा तुला कुणी घेऊन जायला आलं नव्हतं," मी म्हणालो.

तिने ब्लँकेटची घडी मोडली, ते जमिनीवर पसरलं, आणि माझ्या टकलावर क्षणभर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली.